हिरव्या पाठीचे मासे आणि आपले पऱ्हे

निर्झरा

मागच्या सप्टेंबरात मी पाठीवर मासे घेऊन डोंगर चढले. जाड प्लास्टिकच्या पिशवीत गारढोण पाणी, वरच्या भागात प्राणवायू भरून फुगवलेली, तोंड घट्ट बांधलेली, आणि आत ग्रीनबॅक कटथ्रोट ट्राउटची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. पिशवी सॅकमध्ये, सॅक पाठीवर. पाणी हिंदकळलं की पाठीला गारवा लागायचा आणि माझा पाय आपोआप हळू पडायचा, खांद्यावर झोपलेलं मूल असावं तसा.

जागा कोलोरॅडोतली, हर्मन गल्च. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणाऱ्या हमरस्त्याला लागूनच पायवाट सुरू होते, आणि सुरुवातीलाच आपण दहा हजार फुटांवर असतो. आम्ही सगळे स्वयंसेवक. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी कॉलेजातली मुलं, आणि मी मूळची साताऱ्याकडची, आता फोर्ट कॉलिन्सला राहणारी.

ओढ्यापाशी पोचलं की मासे लगेच ओतायचे नसतात. पिशवी आधी तशीच ओढ्यात ठेवायची आणि आतल्या-बाहेरच्या पाण्याचं तापमान एक होऊ द्यायचं. मग तोंड सोडून ओढ्याचं थोडं पाणी आत घ्यायचं. त्यानंतर पिशवी आडवी करायची आणि हात मागे घ्यायचा. माझ्या पिशवीतले मासे थोडा वेळ तोंडाशीच घुटमळले. मग एकेक करून बाहेर पडले, प्रवाहाकडे तोंड केलं आणि दगडाच्या आडोशाला उभे राहिले. वाहत्या पाण्यात मासा 'उभा' राहतो म्हणजे काय, हे ज्यांचं लहानपण ओढ्यात गेलंय त्यांना सांगायला नको. शेपूट सारखी हलत असते आणि मासा जागचा हलत नाही.

आता यामागची गोष्ट सांगते. ती समजल्यापासून माझी 'निसर्ग वाचवणे' या शब्दांबद्दलची समजूत पार बदलली.

ग्रीनबॅक हा कोलोरॅडोचा राज्यमासा, १९९४ पासून. गळ्याखाली दोन्ही बाजूंना केशरी-लाल रेघ असते, म्हणून कटथ्रोट. शेपटीकडे मोठे काळे ठिपके दाट होत जातात. साउथ प्लॅट नदीला मिळणारे डोंगराळ ओढे हे याचं घर. १८५९ च्या सोन्याच्या धावपळीनंतर खाणींनी ओढे खराब केले, पाणी शेतांकडे वळवलं गेलं, बेसुमार मासेमारी झाली, आणि भरीस भर म्हणून बाहेरचे ट्राउट आणून सोडले गेले. पूर्वेकडून ब्रूक ट्राउट, युरोपातून ब्राउन, पॅसिफिकच्या बाजूने रेनबो. ब्रूक आणि ब्राउन जागा आणि अन्न बळकावतात, रेनबो कटथ्रोटशी संकर करतो. १९३७ पर्यंत ग्रीनबॅक संपला असं जाहीर झालं.

पुढे १९५० च्या दशकापासून काही आडबाजूच्या ओढ्यांत हिरवट पाठीचे मासे सापडले. सगळ्यांना केवढा आनंद झाला असेल. त्यांची पैदास केली, ओढ्याओढ्यांत सोडले. १९७८ मध्ये 'अतिधोक्यातला' ऐवजी 'धोक्यातला' असा त्याचा दर्जा सुधारला. काम नीट चाललंय असंच सगळे धरून चालले होते.

मग २००७ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी जनुकं तपासली तर यातले बरेच मासे ग्रीनबॅक नव्हतेच. ते पर्वतरांगेच्या पलीकडच्या, पश्चिम उतारावरच्या नद्यांमधले कटथ्रोट निघाले. २०१२ मध्ये जेसिका मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहालयांत अल्कोहोलमध्ये जपलेले जुने मासे तपासले. १८५७ ते १८८९ या काळात पकडलेले, म्हणजे माशांची आणण्या-सोडण्याची घाई सुरू होण्याआधीचे. त्यांच्याशी जुळणारा जिवंत मासा सगळ्या राज्यात एकाच ओढ्यात निघाला. कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळ, पाइक्स पीकच्या उतारावर, बेअर क्रीकमध्ये. जेमतेम चार मैलांचा टप्पा आणि साडेसातशेच्या आसपास मासे.

आणि बेअर क्रीक साउथ प्लॅटच्या खोऱ्यात येतच नाही! ते आर्कान्सॉ नदीचं खोरं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे एका हॉटेलवाल्याने शिखरावर जाणाऱ्या पर्यटकांना मासेमारीची सोय म्हणून ओढ्यात मासे सोडले होते. त्यांचे वंशज तेवढे उरले. त्यांच्या मूळ घरी एकही नाही.

म्हणजे कितीतरी वर्षं चांगल्या मनाची, मेहनती माणसं भलताच मासा वाचवत होती. मला यात कुणाला नावं ठेवायची नाहीत. रंगरूपावरून दोन्ही मासे ओळखू येत नाहीत. पण तेव्हापासून मी पक्कं धरलंय की ओढ्यात काही सोडायच्या आधी 'हा कोण आणि कुठला' हे विचारलंच पाहिजे.

आता लेडव्हिलच्या हॅचरीत बेअर क्रीकच्या माशांची पैदास होते. ती जागा १८८९ पासून चालू आहे. २०१४ मध्ये झिमरमन तलावात पहिले ग्रीनबॅक त्यांच्या मूळ खोऱ्यात परत गेले, २०१६ पासून हर्मन गल्चमध्ये. आणि २०२२ च्या सप्टेंबरात राज्याच्या वन्यजीव विभागाने जाहीर केलं की हर्मन गल्चमध्ये माशांनी आपणहून प्रजनन केलंय. हॅचरीत न जन्मलेली, ओढ्याच्या खड्यांतून वर आलेली पिल्लं!

आपल्याकडे सह्याद्रीत असं काही काम कुणी बघितलंय का? लिहा.

गळकरी

सुंदर लिहिलंय. आम्ही पूर्वेला, नॉर्थ कॅरोलायनात. तुमच्याकडे कटथ्रोटला हुसकावून लावणारा ब्रूक ट्राउट आमच्याकडे घरचा मासा आहे आणि त्याची परवड अगदी तुमच्या ग्रीनबॅकसारखी. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाकूडतोडीने डोंगर बोडके झाले. सावली गेली, ओढे तापले, गाळ भरला. मग लोकांना मासे हवेत म्हणून रेनबो आणि ब्राउन सोडले. ब्रूक उगमाकडे वर वर सरकत गेला आणि जुन्या क्षेत्राच्या सुमारे तीन चतुर्थांश भागातून नाहीसा झाला.

इथली जुनी माणसं त्याला 'स्पेक' म्हणतात. वरून पाहिलं तर मासा दिसतच नाही, पाठीवरची नक्षी तळाच्या खड्यांत मिसळून जाते. दिसते ती पोटाकडच्या परांची पांढरीशुभ्र कड आणि तिला चिकटून काळी रेघ. ती रेघ हलली की कळतं, आहे.

लिन कॅम्प प्राँग नावाच्या ओढ्यात खालचे मासे चढू शकणार नाहीत असा उतार आहे. त्याच्या वरचे रेनबो काढून ब्रूक सोडले आणि २०१५ मध्ये तो ओढा मासेमारीला खुला झाला. मी तिथे जातो. गळाला काटेरी टोक ठेवत नाही, हात ओले करून मासा धरतो आणि सोडतो. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि मग मासा रोगाला बळी पडतो. हे जाता जाता सांगितलं, कारण आपल्याकडे फोटोसाठी मासा गवतावर ठेवताना फार पाहिलंय.

कातळवाट

एक प्रश्न मनापासून विचारते. बाहेरचे मासे 'काढून' ब्रूक सोडले असं गळकरींनी लिहिलंय, कोलोरॅडोतही ग्रीनबॅकसाठी तसंच केलं असणार. कसे काढले? माझ्या वाचनात आलंय की ओढ्यात विष घालतात. असेल तर मला ते पटत नाही. ब्रूक ट्राउट कोलोरॅडोत स्वतःहून आला नव्हता. शंभर वर्षं तिथे राहिला, त्याच्या कितीतरी पिढ्या तिथेच झाल्या. माणसाने आणला आणि माणसानेच मारला. शिवाय ओढ्यातले किडे, गोगलगायी? एका माशासाठी सगळा ओढा मारायचा?

निर्झरा

कातळवाट, प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही.

हो, विष घालतात. रोटेनोन. शेंगावर्गातल्या काही उष्ण प्रदेशीय झाडांच्या मुळांतून मिळतं. ते कल्ल्यांवाटे थेट रक्तात जातं आणि पेशींना प्राणवायू वापरता येईनासा होतो. म्हणून जेवढ्या मात्रेने मासा मरतो, तेवढ्याने पाणी पिणारं हरीण किंवा पक्षी मरत नाही. आपल्याला हे नवीन नाही. घाटातले लोक रामेठ्याची साल डोहात टाकून मासे झिंगवत, तोही असाच प्रकार.

खालच्या टोकाला पोटॅशियम परमँगनेट सोडत राहतात, त्याने रोटेनोन निष्प्रभ होतं. तिथून पुढे पाणी जांभळं दिसतं. किड्यांचं नुकसान होतं, खोटं सांगणार नाही. पण बऱ्याच किड्यांची प्रौढ अवस्था पंख असलेली असते आणि वरच्या, औषध न टाकलेल्या ओहोळांमधून ते परत येतात. विजेचा सौम्य झटका देऊन मासे जाळ्यात गोळा करण्याची रीतही आहे. लहान, उथळ ओढ्यात ती चालते. खोल डोह आणि पडलेल्या झाडांखालच्या पोकळ्या असतील तर दोन-चार मासे उरतातच आणि तेवढे पुरतात.

का पुरतात तेही सांगते. ब्रूक अंडी घालतो शरदात, कटथ्रोट बर्फ वितळल्यावर. इतक्या उंचीवर कटथ्रोटची पिल्लं खड्यांतून वर येईपर्यंत उन्हाळा संपत आलेला असतो. हिवाळ्यापूर्वी अंग धरायला त्यांना काही आठवडेच मिळतात, आणि तोवर ब्रूकची त्या वसंतातली पिल्लं त्यांच्यापेक्षा मोठी होऊन चांगल्या जागा धरून बसलेली असतात. ही शर्यत कटथ्रोट दरवर्षी हरतो. काही वर्षांत ओढ्यात एकटा ब्रूक उरतो.

ब्रूकचा दोष नाही हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मेलेल्या माशांचे फोटो मी पाहिलेत आणि ते विसरले नाही. पण ब्रूकला पूर्वेला अजून हजारो ओढे आहेत. ग्रीनबॅकला जगात एक होता.

कातळवाट

पटलं असं नाही म्हणणार, पण का करतात ते समजलं. वेळ काढून लिहिलंत, आभार.

पऱ्ह्याकाठी

मी पोलादपूर तालुक्यातला. धागा वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे नेमकं हेच घाटतंय.

गावाखालून पऱ्ह्या, म्हणजे ओढा, जातो. त्यात एक मोठा डोह. मी लहान असताना मृगाच्या पहिल्या पावसात वलगण लागायची. रात्री बत्ती घेऊन अख्खा वाडा पऱ्ह्यावर. पाणी लाल, आणि मासे उलटे, प्रवाहाच्या तोंडाने कातळावरून उड्या मारत वर चढतायत. मळ्या तर ओल्या कातळाला तोंडाने चिकटून चिकटून चढायचा. आजी म्हणायची, पोटुशी आहेत, पहिली चढण जाऊ द्या. कुणी ऐकायचं, कुणी नाही.

आता वलगण नावालाच. मुंबईकर मंडळाने वर्गणी काढलीय, श्रावणात डोहात मत्स्यबीज सोडायचंय. हेतू चांगला आहे. मी कार्यकारिणीत आहे आणि मलाही ते आवडलं होतं. आता सांगा, काय सोडावं?

खवले

मी प्राणिशास्त्र शिकवतो, पुण्यात. पऱ्ह्याकाठी, तूर्त काहीच सोडू नका. कारण सांगतो.

बाजारात बीज सहज मिळतं ते कटला, रोहू, मृगळ यांचं. हे मासे गंगेकडचे. तळ्यात वाढवायला उत्तम, पण कोकणातल्या पऱ्ह्यात त्यांचं मूळ नाही. काही ठिकाणी चिलापी गळ्यात मारतात. ती एकदा शिरली की निघत नाही. आफ्रिकी मांगूर तर मुळीच नको.

मग कुणी म्हणेल, आपला खडस सोडू, महाशीर. तो तर सह्याद्रीचाच. इथेच निर्झराताईंची गोष्ट आपल्या दारात येऊन उभी राहते.

खडसाला शास्त्रीय नाव मिळालं ते पुण्यातल्या माशावरून. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये मुळा-मुठेच्या माशाचं वर्णन 'खुद्री' म्हणून केलं. आज शहरातल्या मुठेकडे पाहून हे खरं वाटणार नाही. पुढे धरणं, विषारी पाणी, सुरुंग यांनी महाशीर घटू लागला, तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने वळवणला हॅचरी काढली आणि १९७० च्या दशकापासून त्याची पैदास जमवली. ते काम मोठंच. माझे विद्यार्थी तिथे जाऊन आलेत. मादीच्या पोटावरून अलगद हात फिरवून अंडी काढताना बघणं हा त्यांच्यासाठी वेगळाच तास होता.

इथली बोटुकली देशभर गेली आणि कावेरीतही सोडली गेली. पण कावेरीचा स्वतःचा महाशीर होता, केशरी पंखांचा, पाठीवर उंचवटा असलेला, माणसाएवढ्या वजनाचा होणारा. गळ टाकणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की निळ्या पंखांचा खडस वाढत गेला आणि कावेरीचा मासा कोसळत गेला. धरणं आणि वाळूउपसाही त्याच्या मुळावर होताच. सगळ्यात वाईट म्हणजे २०१८ पर्यंत त्या माशाला कोणतं शास्त्रीय नाव लावायचं हेच ठरलेलं नव्हतं. त्या वर्षी तो टोर रेमादेवी असल्याचं ठरलं, आणि त्याच वर्षी तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरच्या यादीत गेला. नाव ठरण्याआधीच त्याची जागा दुसऱ्या महाशीराने घेतली होती, आणि लोकांना वाटत होतं की नदीत महाशीर वाढतोय.

म्हणून 'महाशीर सोडला' एवढं पुरत नाही. कुठल्या नदीचा, ते सांगा. पश्चिमेला वाहणाऱ्या सावित्रीच्या खोऱ्यात कृष्णा-भीमेकडचं बीज सोडणं मला योग्य वाटत नाही.

देवदार

हिमाचलात चार वर्षं नोकरीला होतो. तिथे उलटं चित्र. तीर्थन, बियास या नद्यांत ट्राउटची मासेमारी म्हणजे पर्यटनाचं मोठं आकर्षण, ढाब्यावरही 'ट्राउट मिळेल' अशी पाटी. पण तो ब्राउन ट्राउट इंग्रजांनी आणलेला. काश्मिरात १९०० च्या सुमारास अंडी आली, मग इतरत्र पसरला. तिथला स्वतःचा थंड पाण्यातला मासा वेगळाच, ज्याला 'स्नो ट्राउट' म्हणतात, पण तो ट्राउट नव्हे, आपल्या रोहूच्या कुळातला. त्याची पाटी कुठल्याच ढाब्यावर पाहिली नाही.

कोंडकर

पऱ्ह्याकाठी, तुम्ही तर वाळणकोंडीच्या जवळचे. महाडकडचे लोक जाणतात, वरदायिनीच्या कोंडीतले मासे देवीचे, कुणी हात लावत नाही. काठावरून कुरमुरे टाकले की हातभर लांबीचे मासे वर येतात. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, पकडला तर काय होईल? ते म्हणाले, काही होणार नाही, पण आपण पकडायचा नाही.

वाड्याला वैतरणेवर तिळशालाही असंच. तिथे कुणी बाहेरून बीज आणून मासे वाचवले नाहीत. पकडायचं नाही एवढंच पाळलं.

निर्झरा

कोंडकर, ही नोंद फार मोलाची.

पऱ्ह्याकाठी, मी इथलं एक सांगते आणि तुमच्याकडे ते कुठे उलटं पडेल तेही.

इथे ग्रीनबॅकच्या खाली आडकाठी लागते, नैसर्गिक धबधबा किंवा बांधलेली भिंत, म्हणजे खालचे ब्रूक वर येऊ नयेत. त्याची किंमतही मोजावी लागते. वरचे मासे एका तुकड्यात कोंडले जातात आणि एक वणवा सगळे संपवू शकतो. २०२० मध्ये कॅमेरॉन पीकचा वणवा लागला, राज्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा, तो पूडर नदीच्या उगमाकडच्या मोठ्या ग्रीनबॅक प्रकल्पाच्या आसपासच. वणव्यापेक्षाही त्यानंतरच्या पावसात उतारावरून येणारी राख आणि चिखल जास्त घातक असतो.

तुमच्या पऱ्ह्यात मात्र आडकाठीच मारक आहे. वलगण म्हणजे अंडी घालायला वर जाणं. खाली बंधारा बांधला असेल तर मासे वर येणार कुठून? वलगण कधीपासून कमी झाली आणि बंधारा कधी झाला, हे जुन्या माणसांना विचारून बघा.

दुसरं गाळाचं. बेअर क्रीकला शेवटचे ग्रीनबॅक सापडले तेव्हा काठच्या वाटेवरून मोटारसायकली जात होत्या आणि सुटलेली माती ओढ्यात उतरत होती. ट्राउटची मादी शेपटीने खडे उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वर खडे लोटते. खड्यांच्या फटींतून पाणी खेळतं म्हणून अंडी जगतात. फटी मातीने भरल्या की ती गुदमरतात. ती वाट तिथून हलवली, उतार बांधून काढले. मासा न हलवता केलेलं हे काम माझ्या मते बोटुकली सोडण्याइतकंच मोठं. तुमच्याकडे वरच्या अंगाला नवा रस्ता काढलाय का? पावसात डोह किती दिवस गढूळ राहतो?

पऱ्ह्याकाठी

रस्ता काढलाय. दोन वर्षांपूर्वी, जेसीबीने. माती सगळी पऱ्ह्याच्या अंगाला लोटलीय. पूर्वी पाऊस थांबला की दोन दिवसांत तळ दिसायचा. आता गणपतीपर्यंत दिसत नाही. बंधाऱ्याचं साल विचारतो.

गळकरी

आणि ब्लीचिंग पावडर? सुट्टीत पोरं टाकतात का?

पऱ्ह्याकाठी

टाकतात. आमचीच.

पऱ्ह्याकाठी

तीन आठवड्यांनी लिहितोय. गावी जाऊन आलो.

बंधाऱ्याचं साल आमच्या थोरल्या काकांनी सांगितलं. त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाच्या वर्षी झाला. आणि वलगण त्याच्या पुढच्याच पावसाळ्यापासून कमी झाली, हेही तेच म्हणाले, मी न विचारता. बंधाऱ्याला फळ्या आहेत. त्या पावसाआधी काढायच्या असतात. चार-पाच वर्षं कुणी काढल्याच नाहीत, गंजून बसल्यात. यंदा मेच्या अखेरीस काढायचं ठरलंय, दोघांनी नावं दिलीत.

सभेत मी मत्स्यबीज नको म्हटल्यावर बराच गोंधळ झाला. वर्गणी देणाऱ्यांना वाटलं मी कामात खोडा घालतोय. मी खवले सरांचा कावेरीचा प्रतिसाद मोबाइलवरून वाचून दाखवला. काही गप्प झाले, काही नाही झाले. शेवटी ठरलं की बीज या वर्षी नाही. त्या पैशातून रस्त्याच्या कडेला दगडी बांध घालायचा, माती अडेल एवढा. तोही अर्धाच होईल, पैसे तेवढेच आहेत.

पहिल्या चढणीला जाळी लावायची नाही, हे काकांनी देवळात नारळ ठेवून सांगितलं. ब्लीचिंग टाकणाऱ्या पोरांशी मी बोललो. त्यांतल्या एकाने विचारलं, मळ्या कातळावर चढतो हे खरं का? त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

मृगात सुट्टी टाकलीय. त्याला घेऊन बत्ती लावून बसणार आहे.